फॉल्ट लांब आहे

दिवाळीला चार दिवस होते
अन् सावरखेड्याच्या डीपीवर जंपर जळला.
सबस्टेशनवरून परमिट घेतलं, अख्खा फीडर बंद,
पट्टा कमरेला आवळला, चढलो.
बावीस वर्षं हेच :
अंधारात जायचं, उजेड बांधून उतरायचं.

खाली मयूरी. नववीत आहे.
टॉर्च धरायला आणली होती
तर टॉर्च विझवून उभी,
फॉरेस्टातल्या टेकामकडून मागितलेली दुर्बीण डोळ्याला,
तोंड दक्षिणेकडे, जिनिंगच्या पत्र्यांवर.

"बाबा, झालं का जी?"
झालं.
"मंग फोन नका लावू नं आत्ताच. पाच मिनिटं."

उतरलो. पाहिलं. काहीच नाही.
"सरळ नका पाहू. थोडं बाजूला पाहा."
सोयरिकीला आलेल्या पाव्हण्याकडे
घरातल्या पोरी पाहतात, तसं पाहिलं.
तेव्हा दिसली.
माय चरख्याजवळ ठेवायची ती पेळू,
तिरपी, अर्ध्या नखाएवढी,
फुंकर मारली तर उडेल अशी.

म्हणे ती पेळू नाही, चाक आहे,
आपल्याला कडेनं दिसतं एवढंच.
म्हणे हात आहेत त्याला, वळलेले,
खळ्यात मेढीभोवती बैल फिरायचे
अन् भूस पसरत जायचं, तसे.
(बैल तिनं म्हटले नाहीत. ते माझे.)
म्हणे हा उजेड निघाला
त्याला एक कोटी वर्षं होऊन गेली,
तेव्हा माणूसच नव्हता कुठं.

मी हिशेब लावत राहिलो.
इतक्या लांबून येतो
अन् मधात एक खांब नाही.
कुठं बाभळीची फांदी टेकली नाही,
कुणी आकडा टाकला नाही,
थेट पोरीच्या डोळ्यात.

"ढगेभाऊ, लाईन कवा येते गा?"
ओट्यावरून कुणीतरी.
येते म्हटलं. फॉल्ट लांब आहे.

मग फोन लावला.
गाव एकदम पेटलं. माळा, टीव्ही, पिठाची चक्की,
जिनिंगचा हॅलोजन आभाळात तोंड करून.
मयूरीनं दुर्बीण डब्यात ठेवली,
काही बोलली नाही.
रजिस्टरात पाच मिनिटांचं कारण
मी लिहिलं नाही.

रविवारी जिनिंगवर गेलो,
डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून
हॅलोजनला टोपी बसवली.
शेटजी म्हणाले, उजेड कमी झाला काय रे?
नाही जी, म्हटलं.
आता सगळा खालीच पडते.