ठसे

अहमदाबादच्या त्या गार ऑफिसात
काचेवर चार बोटं ठेवा, म्हणाली मुलगी.
ठेवली.
यंत्रानं पाहिलं, आणि त्याला काही सापडलं नाही.

पुसून ठेवा. ठेवली.
क्रीम लावून ठेवा. ठेवली.
एकतीस वर्षं दोरी धरलेली बोटं,
एकतीस वर्षं एरंडेल मुरलेली.
रेघा नेमक्या कधी झिजल्या, कुणाला विचारू?
"अंकल, काम काय करता?"
मल्लखांब शिकवतो.
तिनं टाइप केलं : शिक्षक.
दहा दिवसांनी या, म्हणाली, कातडी जरा भरू द्या.
विमान सहाव्या दिवशी होतं.

पोरांना मी सांगितलं, गुडघा.
गुडघ्यावर सगळ्यांचा विश्वास बसतो.

मे महिना. दांडिया बाजार त्रेचाळीस अंशांवर.
शाळेच्या हॉलात पालकांची शेवटची सभा.
स्लोव्हेनिया की स्लोव्हाकिया, यातच अर्धा तास गेला.
बारा मुलं, सोळा दिवस, तिथल्या लोकांच्या घरी मुक्काम,
सकाळी भाषा, दुपारी खेळ, शनिवारी चौकात प्रयोग.
तस्नीमच्या अम्मीनं विचारलं, जेवायचं काय?
इंग्रजीच्या कर्णिकबाई म्हणाल्या, बटाटा सगळीकडे असतो.
मांडवीत भांड्यांचं दुकान असलेले हेतवीचे पप्पा
पोरीनं पाठ केलेले शब्द ऐकून हसत सुटले :
"धन्यवादला हवाला म्हणतात? मग तर आपलेच लोक!"

खांब काही गेला नाही.
तीन फूट जमिनीत गाडलेला सागवान
कुठल्या विमानात बसणार?
दोरी गेली, वेटोळं करून, श्रीरंगच्या सॅकमध्ये,
लिल्या चिवड्याच्या सहा पुड्यांखाली.

मग रिकामं मैदान.
मी सवयीनं पाचला कुलूप काढायचो,
खांबाला तेल चोळायचो,
आणि ज्यावर कुणी चढणार नाही त्या खांबाखाली
गादी नीट सरळ करायचो.
सुरसागरकडून गरम वारा यायचा.
चौकीदार म्हणायचा, सर, घरे जाओ ने.

रात्री दीडला व्हिडिओ आला.
दगडी चौक, मागे चर्च, आइस्क्रीम चाटणारी माणसं,
आणि अग्निशामक गाडीच्या उंच शिडीला
बांधलेली आमची दोरी.
हेतवी वर. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट,
मधे दोरी, शिकवल्यासारखी.
फक्त डावा पाय सैल.
मी स्वयंपाकघरात उभ्यानं ओरडलो : पाय!
व्हिडिओ चार तास जुना होता.
तरी तिनं ताणला.

दुसऱ्यात तिथली पोरं.
एक पिवळ्या केसांचा, पुढचे दात पडलेला, लोंबकळत होता,
आणि हेतवी,
घरी गुजराती, वर्गात इंग्रजी,
माझ्याशी मोडकंतोडकं मराठी बोलणारी,
त्याला सांगत होती :
"धर. धर. घाबरू नको. आता सोड."

आमच्याकडे हे असंच.
पोर कुठल्याही घरचं असो,
वर चढलं की मराठीत चढतं.
त्या पोराला काय कळलं कोण जाणे,
सोड म्हटल्यावर त्यानं हात सोडले,
पायांनी धरून राहिला, उलटा,
आणि चर्चकडे बघत ओरडला, "अडी!"
ढ काही जमला नाही त्याला.
आमच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना अढीच जमत नाही.

बस पहाटे आली.
मॅग्नेट, चॉकलेटं, कुणाचा तरी हरवलेला बूट.
श्रीरंग एका तळ्याबद्दल सांगत होता,
झोपेतच सांगत होता.
शेवटी हेतवी उरली. पप्पा स्कूटर वळवत होते.
"सर, विमानतळावर मशीनला माझा अंगठा लागेना.
तीनदा. कर्णिकबाई पांढऱ्या पडल्या.
चौथ्यांदा लागला."
आणि हसत तिनं तळहात पुढे केला.
बोटांच्या मुळाशी सोललेलं, नवं, गुलाबी.

मी तो दिव्याखाली धरला.
बराच वेळ धरला असेन,
कारण तिनं विचारलं, सर, गुडघा कसा आहे?

बरा आहे, म्हटलं.
उद्या झोप. परवा पाचला ये.
आणि दोरी वाळत घाल आधी,
चिवड्याचा वास येतोय तिला.