तिसरी जागा

कळव्याहून माझं सामान निघालं तेव्हा
विटाव्याच्या पुलाखाली कपाट आडवं करावं लागलं.
टेम्पोवाला म्हणाला, ताई, पूल आधीचा, कपाट नंतरचं.
ऐरोली येईपर्यंत तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं.

सिडकोची इमारत, दुसरा मजला,
बारा बाय दहाची बाहेरची खोली.
तिच्यात मुकुंदांचा सागवानी दिवाण,
माझं राखाडी पोलादी कपाट,
माझ्या आईचं शिसवी स्टूल,
आणि खिडकीशी एक डाळिंबी खुर्ची.
कार्यालयात दोन्हीकडची मंडळी बसतात ना, अक्षता पडायच्या आधी,
तसं सगळं समोरासमोर,
मध्ये नुसता पंखा फिरत होता.

नेत्रा आली, भाच्याची बायको, टेप घेऊन.
तिने कोर्स केलाय.
दारातच थांबून डोळे बारीक केले,
शितावरून भात बघावा तसे.
म्हणाली, मावशी, सगळं जड एकाच भिंतीला टेकलंय,
खोली कलंडतेय तुमची.
आम्ही कपाट सरकवलं.
फरशीवर हातभर ओरखडा उठला,
या घरातलं माझं पहिलं हस्ताक्षर.

लाकडं वेगवेगळी असली तरी चालतात, म्हणाली,
पण त्यांच्या पोटातला रंग एक हवा.
ऊब असेल तर सगळ्यांत ऊब.
मी मुकुंदांकडे पाहिलं.
ते पेपरवर शेंगा सोलत होते.

मग ती खुर्चीपाशी गेली.
ही एकटी पडतेय.
एकतर काढा,
नाहीतर हा रंग आणखी दोन ठिकाणी आणा.
एकदा दिसला तर कुणीतरी विसरून गेल्यासारखा वाटतो,
दोनदा दिसला तर मुद्दाम जुळवल्यासारखा,
तिसऱ्यांदा दिसला
की डोळा वाद घालत नाही.

काढा, असं म्हणता आलं असतं मला.
वैजयंतीची खुर्ची ती. कापड तिने निवडलेलं.
उजव्या हातावर कपाचं फिकट वर्तुळ,
आणि गादीच्या खाचेत एक केसांची पिन
जी मला झाडताना सापडली
आणि मी परत खाचेत ठेवली.

तुर्भ्याच्या जनता मार्केटात तीन चकरा.
डाळिंबी मागितलं की मरून दाखवतात,
मरून नको म्हटलं की राणी.
शेवटी माझ्याच एका इरकलीचा काठ उसवला,
दिवाणावरच्या उशांना लावला.
दोन जागा झाल्या.

तिसरी सापडेना.
भिंतीवर फ्रेम लावून पाहिली, ती ओरडली.
कुंडी आणली, ती कोपऱ्यात तोंड लपवून बसली.
पायपुसणं मिळत होतं, अगदी तोच रंग, ऐंशी रुपयांना.
हातात घेतलं,
आणि परत ठेवलं. पायाखाली नको.

रात्री जेवताना विचारलं,
डाळिंबी आणखी कुठे आणू हो?
मुकुंद म्हणाले, डाळिंबी काय आहे आपल्याकडे?
खुर्ची.
असं? मला तर मातकट दिसते. पहिल्यापासून.
लाल-हिरव्यातलं कळत नाही मला,
रेल्वेने त्यावरच तर नापास केलं होतं.
आणि आमटीत भात कालवू लागले.

भांडी घासताना हिशेब केला.
सव्वीस वर्षं.
एवढी वर्षं तो रंग तिने एकटीने पाहिला असणार,
त्यांना सांगितलाही असेल एखाद्या वेळी,
आणि ते असेच म्हणाले असतील, असं?
नळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला
पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसले.
तीन महिने झाले होते या घरात येऊन,
तोवर नुसती झाडत होते, पुसत होते, जुळवत होते.
खुर्ची कुरकुरली. लांब, दोन सुरांत.

आणि स्वयंपाकघरातून, मागे न बघता,
त्यांचा आवाज आला,
चहा ठेवू?

कोणाला विचारलं
ते मी विचारलं नाही.
हात वर्तुळाशेजारी टेकवला,
ठेवा, म्हटलं.