नाशी सुटल्यापासून

खसबहून बोटीने दीड तास.
चार आठवड्यांसाठी दोन विद्यार्थी उतरतात,
पांढरे कोट पिशवीत, चेहरे हिरवे.
मी धक्क्यावर उभी असते.
एकोणीस वर्षांत माझं स्वागताचं भाषण बदललेलं नाही:
आधी लिंबू चोखा, मग बोलू.

यंदा मैथा आणि अझ्झान.
मस्कतच्या कॉलेजातून लॉगबुक घेऊन आलेले,
त्यात चौकोन: टाके, सलाईन, गरोदर बाईची तपासणी,
प्रत्येकापुढे माझी सही हवी.
अझ्झानने पहिल्याच दिवशी विचारलं, रेंज कुठे येते?
पाण्याच्या टाकीवर, म्हटलं,
पण आधी तिथल्या शेळ्या हाकल.

तिसऱ्या आठवड्यात उबैद आला, जाळीवाला,
उजवी तर्जनी वांग्यासारखी.
माशाचा काटा, म्हणाला, एवढंसं काय ते.
कधीपासून? मैथाने विचारलं.
पहिली नाशी सुटल्यापासून.
म्हणजे किती दिवस?
त्याने तेच पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने,
बहिऱ्याला सांगावं तसं.
तिने लिहिलं: रुग्णाची माहिती विश्वासार्ह नाही.

मी सोलापूरची. समुद्र पहिल्यांदा पाहिला
तो इंटर्नशिपला, वेंगुर्ल्याच्या पुढच्या एका आरोग्य केंद्रात.
तिथे एक बाई आली होती, कोळंबी सोलणारी,
असंच सुजलेलं बोट पदराखाली धरून.
कधीपासून? तर म्हणाली,
मतलई सुटली तेव्हापासून.
मला वाटलं, मतलई कुणाचं तरी नाव असेल,
घर सोडून गेलेल्या नणंदेचं वगैरे.
मी हेच वाक्य लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात.
सरांनी खाली सही केली.
तिचं नाव आता आठवत नाही.
बोट आठवतं. ते शेवटी बादलीत होतं.

यातलं मैथाला काही सांगितलं नाही.
म्हटलं, धक्क्यावर जा आणि विचारून ये,
पहिली नाशी कधी सुटली.

वीस मिनिटांनी परतली, ओढणी मिठाने ताठ.
एक म्हणाला अकरा दिवस, एक म्हणाला बारा,
दोघं भांडले,
मग तिसरा म्हणाला, त्या रात्री माझी मुलगी झाली,
तेव्हा अकराच.

अकरा दिवस. साखर चारशे दहा.
आणि कालपासून दुखत नाही, असं उबैद म्हणाला,
आनंदाची बातमी द्यावी तसं.

खसबला फोन लावला. बोट पाठवा.
नाशी परत उठलीय, डॉक्टर, उद्या बघू.
मराठीत शब्द एकच,
पाण्यावरची ती, हाताचं ते.
ती येत नव्हती म्हणून ते जायला निघालं होतं.
हा विनोद सांगू कुणाला?
अझ्झान सलाईन लावत होता, तिसऱ्यांदा टोचून, ओठ चावून.

चीर मैथाने घेतली.
तिच्या हातावर माझा हात होता, मग मी तो काढला.
उबैद छताकडे बघत तिला वारे शिकवत होता:
शमाल. कौस. सुहैली.
परत म्हण.
ती परत म्हणायची, आणि पू वाहत राहायचा.
काम करताना बोलू नका, हे वाक्य
माझ्या जिभेवर आलं होतं.
तिथेच राहू दिलं.

बोट तिसऱ्या दिवशी आली.
तो हात छातीशी धरून बसला,
पट्टी मैथाची, जरा जास्तच जाड.

गुरुवारी ही दोघंही गेली.
लॉगबुकातले चौकोन भरून दिले,
वाऱ्यासाठी चौकोन नव्हता.
मागाहून केसपेपर पाहिला:
ते वाक्य तिने एका रेघेने खोडलं होतं,
खालचं वाचता येईल असं,
आणि वर अरबीत लिहिलं होतं,
पहिल्या नाशीपासून, अकरावा दिवस.

खसबहून उबैदचा कागद अजून आलेला नाही.
पुढचे दोघं रविवारी येतील.
लिंबं संपलीत.