बदली

कोच म्हणाला, तुमच्या भाषेत सांग तिला,
घरच्या बोलीत कमी लागतं.
सर्बियाचा माणूस. स्वतःच्या बोलीत
तो फक्त शिव्या देतो आणि आईशी बोलतो.

संयोगिता मगदूम, जयसिंगपूर.
पाच फूट सात, डावखुरी, जर्सी अकरा.
शिष्यवृत्ती पूर्ण: फी, खोली, दोन वेळचं जेवण
आणि त्या सगळ्याला टांगलेला व्हिसा.

मराठीत बदली दोन गोष्टींना म्हणतात.
एक, बाकावर बसतो तो.
दुसरी, माझ्या वडिलांची व्हायची, पाटबंधारे खात्यात,
दर तीन वर्षांनी, पिवळ्या पाकिटातून.
आई भांडी गोणपाटात बांधायची,
ट्रकच्या टपावर माझी सायकल उलटी, चाकं फिरतायत.
तेव्हा निदान जावक क्रमांक असायचा.

टेबलावर खजूर होते, कावा होता.
कोचने तिचा पेला काठोकाठ भरला.
बसचालक हमदान मला एकदा म्हणाला होता,
काठोकाठ पेला म्हणजे, पाहुण्या, ऊठ आता.
कोचला हे ठाऊक असेल का, कोण जाणे.
आमच्याकडे नारळ देतात, माझ्या मनात आलं,
आणि लाज वाटली, की मला विनोद सुचतोय.

मी म्हणालो, बाळ,
(मी तिला कधीच बाळ म्हणत नाही)
तुझ्या भल्याचंच आहे. मनामाला एक कॉलेज आहे,
तिथे चाळीसच्या चाळीस मिनिटं खेळशील.
हे नाही म्हणालो, की तुझ्या खोलीची चावी
लिथुआनियाच्या एका सहा फूट चार इंच मुलीला
ईमेलवर कबूल झालीय.

तिने खजूर खाल्ला, सावकाश.
बी कुठे टाकावी म्हणून इकडेतिकडे पाहिलं,
मी तळहात पुढे केला.
तिने बी स्वतःच्या खिशात ठेवली.
"सर, लेखी द्या," म्हणाली.
कोचने मला विचारलं, काय म्हणते?
विचार करते म्हणते, मी म्हणालो.

लेखी कुणी देत नसतं. करार मेपर्यंतचा.
लेखी दिलं तर आम्ही काढलं;
न देता गेली तर ती गेली.

मग पहाटे पाचला स्टेडियमचे जिने.
एकटीलाच. कागदावर नाव: फिटनेस.
रास अल खैमात ऑक्टोबरातही हवा
ओल्या टॉवेलसारखी तोंडावर बसते,
जैसच्या डोंगरामागून उजेड यायला अवकाश असतो,
सिमेंट कारखान्याचे दिवे तेवढे.
घड्याळ माझ्या हातात. कोच झोपलेला.
मला खोटे आकडे लिहिता आले असते.
कुठल्या बाजूने खोटे, ते ठरेना,
म्हणून बरोबर लिहिले.
आठवड्याला चार सेकंद कमी होत गेले,
आणि कोचला ते आवडलं नाही.

एका रविवारी तिच्या आईने
कुणा शेजाऱ्याच्या सामानातून भडंग पाठवलं,
एक पुडी तिला, एक मला.
फोनवर म्हणाल्या, परक्या मुलखात तुम्ही आहात,
आम्हाला घोर नाही.
पोरगी गुणाची आहे, मी म्हटलं.
रात्री खोलीचा एसी घरघरत होता,
मी पुडी संपेपर्यंत खाल्लं,
तळलेल्या लसणाच्या पाकळ्या शेवटी, वेचून वेचून.

आज तेविसावी पहाट.
ती वर पोचलीय, कठड्याला पोट टेकवून ओणवी,
वेणीतून घाम गळतोय.
वरूनच विचारते, किती?
मी सांगतो.
"लिहा सर. तारीख घाला.
खाली सही करा, तुमची."
मी खिसे चाचपत राहतो,
पेन हातातच असतं.