सोळा आण्यांतला एक

पेत्साच्या माथ्यावर साडेदहा वाजलेत.
सूर्य समोरच्या धारेवरून थेट लेन्समध्ये.
लेनार्त हेल्मेटच्या पट्ट्यात बोट घालून उभा,
मी त्याच्या छातीवरच्या कॅमेऱ्यावर
टपाल तिकिटाएवढी काळी काच बसवते आहे.

'सोळाची?'
'सोळाची.'
उजेडाच्या रुपयातले पंधरा आणे दाराबाहेर,
एकच आणा आत.

गेल्या रविवारी तो काचेविना उतरला.
एवढा उजेड कॅमेऱ्याला सोसेना,
डोळा उघडून मिटायचा
सेकंदाच्या दोनहजाराव्या भागात.
पडद्यावर खडा न् खडा सुटा,
चाकाच्या तारा मोजून घ्याव्यात,
स्प्रूसच्या सुया टोचतील अशा,
आणि वेग कुठेच नाही.
कुणीतरी फोटोंचा गठ्ठा
पत्त्यांसारखा फर्रकन सोडावा, तसं.
लेनार्त म्हणाला, 'माझी पाचावर धारण बसली होती,
आणि इथे मी पोस्टात चाललेलो दिसतोय.'

आमच्या दरीत बापाला 'आता' म्हणतात.
हाक मारली की आमचा आता
नेहमी उशिरा येतो.
चौतीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात वेल्डर,
डावा डोळा अजून रात्री पाझरतो.
त्यानं टेबलावरची काच उचलली,
सवयीनं सूर्यापुढे धरली आणि हसला:
'ही कसली काच, हे तर गढूळ पाणी.'
मी त्याला सांगितलं, हिच्यामुळे
डोळा शंभराव्या भागापर्यंत उघडा राहतो,
तेवढ्यात झाड थोडं सरकतं,
सरकलेलंच उमटतं,
आणि बघणाऱ्याला वारा लागतो.
तो काच बोटांत फिरवत राहिला.
'शिवण बघायची तर
ठिणगी झाकावी लागते,' म्हणाला,
आणि सूप गार झालं म्हणून कुरकुरला.

तर ठरलं असं:
माथ्यापासून कुरणभर सोळाची,
मग जंगलाच्या तोंडाशी, लाकडांच्या थप्पीजवळ थांबायचं,
सोळाची काढून चारची लावायची.
मी तिथे चारची घेऊन बसले.
लेनार्त आला,
मला पाहिलं असावं,
आणि गेला.
धूळ खाली बसेपर्यंत मी हात पुढेच धरून होते.

संध्याकाळी तो म्हणाला, टायर पंक्चर झालं.
कोपर बाहीत लपवलेलं.

कुरण सुरेख आलं होतं.
गवत विंचरल्यासारखं मागे पळत होतं,
कुंपणाचे खांब वितळून एक झाले होते,
फक्त हँडल आणि त्याचे हातमोजे स्थिर, ठाम.
मग जंगल.
उजेड आधीच कमी, त्यातला एकच आणा आत.
काळ्यावर रव्यासारखे दाणे,
हादऱ्यांनी फासटलेली मुळं.
कॅमेरा चौकट सावरायला धडपडतो,
पण फासटलेलं ते फासटलेलंच.
एक तपकिरी रेघ,
तिचं आडवं होणं,
एक धप्प.
मग बराच वेळ नुसता श्वास.

मी पुसून टाकणार होते.
आता खुर्ची ओढून जवळ आला.
'मागे घे.'
घेतलं.
'अजून.'
चौथ्यांदा त्यानं पडद्यावर बोट ठेवलं,
जिथे मला काळोखाशिवाय काही दिसत नव्हतं:
'इथे. इथे त्यानं ब्रेक सोडला.'
लेनार्त चहात साखर ढवळत राहिला,
विरघळून गेल्यावरही.
'घसरला नाही तो,' आता म्हणाला,
'त्यानं सोडला.'

कुणी कुणाला काही विचारलं नाही.
मी डबीवर चिकटपट्टी लावून लिहिलं,
जंगल: चार,
आणि दिवा घालवला.

पुढच्या रविवारी मी माथ्यावर, सोळाची लावायला.
लेनार्तनं कोपराला फडकं बांधलेलं,
नजर खाली वाटेवर.
आणि दूर, लाकडांच्या थप्पीपाशी
टोपी मागे सारून
आता उभा होता,
वेळेच्या कितीतरी आधी,
मुठीत चारची काच.