सहावा भाग

कुडचड्याच्या पायलट स्टँडवर
चार पिवळी मडगार्डं उन्हात,
आणि वाद कालपासून तिथंच अडकलेला:
तो जर भिंतीतून आरपार जातो
तर जमिनीतून खाली का पडत नाही?

उल्हास म्हणतो, तळव्यांना शक्ती नाही.
म्हणजे भिंतीतून गेला की
पाय अलीकडेच राहायचे, रोक म्हणतो,
आणि हसता हसता त्याचा बन चहात बुडतो.
'तो ठरवतो रे, जमीन नको म्हणून.'
'आणि सहाव्या भागात बेशुद्ध होता तेव्हा?
तेव्हा कोण ठरवत होतं?'

सगळे गप्प.
लिहिणाऱ्यांची चूक, उल्हास पुटपुटतो,
घरातली बशी फुटल्यासारखा.

मिनीनला गिऱ्हाईक मिळतं, सावर्ड्याचं,
पिशवीत जिवंत कोंबडा.
वीस मिनिटांनी परततो,
हेल्मेट न काढताच बोलतो:
'बांबोळीला मी अकरा दिवस बेशुद्ध होतो.
खनिजाच्या ट्रकनं उडवलं तेव्हा.
मी काहीच ठरवत नव्हतो.
पडलो का खाली?'

'खाट होती, सायबा, तुझ्याखाली.'
'त्याच्याखालीही असणार.'
'पण तो खाटेच्याही आरपार...'
'मग खाट कुणीतरी धरली असणार.'

रोक चहात चमचा फिरवतो,
बनाचा लगदा शोधत.
अकरा रात्री स्टुलावर बसून
एक लोखंडी दांडा त्यानं धरला होता,
उगाचच.

मडगावची गाडी शिट्टी देते.
चौघे किक मारतात.
सातव्या भागात तो उडतोसुद्धा,
ते अजून कुणी काढलेलं नाही.