मुद्दाम न केल्यासारखं

सातव्या फेअरवेच्या नकाशावर
वरिष्ठांनी पेन्सिलीनं लिहिलेलं :
'कुणी केलंय असं वाटता कामा नये.'
खाली सही, तारीख,
आणि दर पाच मीटरला एक उंची, सेंटिमीटरपर्यंत.

उलव्याच्या पुढं, खाडीच्या अंगाला
मुरूम येत राहिला तीन महिने.
कुठल्याशा डोंगराचं पोट
डंपरमागून डंपर इथं रितं झालं,
आणि आम्ही त्यातून टेकड्या करायला बसलो,
लहान, सौम्य, कुणालाच धाप न लावणाऱ्या.

डोझरवर हसुराम घरत. कानामागं विझलेली विडी.
पहिल्या दिवशी मी त्याला कंटूर समजावले :
ही एक रेघ म्हणजे एकच उंची,
ती दुसरीला कधी छेदत नाही.
तो म्हणाला, "म्हंजे भरतीची रेग."
पुढचं व्याख्यान मी पर्समध्ये ठेवलं.

सरळ रेषा पुसायच्या, हा माझा पगार.
सरळ रेषा चुगली करते, इथं कुणीतरी होतं म्हणून.
चढ संपतो तिथं कोपरा नको.
उताराला घाई नको.
दोन उंचवटे भावंडांसारखे दिसले
की एकाला वेगळं वळण लावायचं.
सहा फेअरवे असे जमले.

सातवा जमेना.
चार वेळा केला, चारही वेळा
नव्या गादीसारखा दिसला,
जिच्यावर अजून कुणी झोपलेलं नाही.

पाचव्यांदा हसुरामनं मशीन बंद केलं.
साडेपाचचं ऊन आडवं आलेलं.
उतरला, पालथा पडला,
गाल मुरमाला टेकून
सुतार फळीकडं बघतो तसा एक डोळा मिटून बघत राहिला.
मीही पडले शेजारी, हेल्मेटसकट.
तिथून दिसलं :
सगळ्या सावल्या एकाच मापाच्या.

"पान्याला इचारलाच नाय आपून."

टँकर मागवला, वरच्या टोकाला सोडला.
पाणी आधी बावरलं,
माझ्या पाच मीटरच्या चौकटीत जरा घुटमळलं,
मग डावीकडं वळलं,
नकाशात जिथं काहीच नव्हतं.
हसुराम तिवराची काठी घेऊन मागं मागं,
ओल्यावर रेघ ओढत.

"इकरं उघारी होती.
भरती आली का फली टाकाची,
ओहोटीला उचलाची.
आजा करी, मंग बापूस.
न् तो बांध, तिकरं खारीपावेतो, सरल,
ढेकलावर ढेकूल.
खांड परली का रातचा सगला गाव बांधावर."

ती जागा भरावाच्या दीड मीटर खाली होती.
पाण्याला वरून कशी कळली, मला माहीत नाही.
'भराव तिथं जास्त खचला असावा,'
असं मी अहवालात लिहिलं. असेलही.

आठवड्याभरात सातवा झाला.
पातं इतकं हळू चालवायचा तो
की बगळे मागं चालत यायचे.
वरिष्ठ आले, उभे राहिले, खोडरबरानं
स्वतःचीच सूचना पुसली.

एक उंचवटा तेवढा उरला.
भराव पातळ होत संपतो तिथं
बांधाचं शेवटचं टोक, वीतभर वर आलेलं.
काढ म्हणून मी दोनदा सांगितलं.
दोन्ही वेळा मशीनमध्ये बिघाड.
तिसऱ्यांदा सांगायचं मी विसरले,
म्हणजे विसरायचं ठरवलं.

आता तिथं गवत आहे, रोज कापलेलं,
आणि चांगला मारलेला चेंडूही
त्या टोकाला आपटून भलतीकडं जातो, तिवरांत.
परवा एक सभासद, पांढरे मोजे,
टोपी काढून वैतागले, मग खूश झाले :
"बाकीचं केलेलं कळतं हो.
हे एवढंच खरं. निसर्गाचं."

कॅडी घरतांपैकीच, हसुरामचा पुतण्या.
हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.
बूट काढून चिखलात उतरला.
चेंडू कुठं अडकतो
ते त्याला बघावं लागत नाही.